चाळीसपैकी तीस

तुरुंगात समुपदेशनाचं काम करताना फर्लोचा अर्ज आला की माझंही मत विचारलं जाई. भावकीच्या भांडणात खून केलेला एक शेतकरी होता. वाफ्यांना पाणी घालायचा, विचारलं तेवढंच बोलायचा. दुसरा, भिशीत शेकडो घरं बुडवलेला गृहस्थ. "मॅडम, तुमच्यामुळे माझे डोळे उघडले," म्हणताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. शिपायांच्या मुलांची नावं त्याला पाठ. सगळ्यांना हा दुसराच सुधारलेला वाटे.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी अशा माणसांना ओळखण्यासाठीच वीस मुद्द्यांची तपासणी तयार केली. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण 40. उत्तर अमेरिकेत बेरीज साधारण 30 किंवा त्याहून जास्त झाली की त्या माणसाला मनोविकृत व्यक्तिमत्त्वाचा म्हणतात. मुलाखतीइतकंच वजन जुन्या कागदपत्रांना असतं, कारण हा माणूस मुलाखतीत सहज खोटं बोलतो.

पण नुसती बेरीज फसवते. काही मुद्दे गोडबोलेपणाचे, पश्चात्ताप नसण्याचे, दुसऱ्याला वापरून घेण्याचे. बाकीचे उतावळेपणाचे, बेजबाबदार जगण्याचे, लहानपणापासूनच्या गुन्ह्यांचे. पुन्हा गुन्हा होईल का, याचा अंदाज बहुतेक अभ्यासांत या दुसऱ्या गटावरून जास्त चांगला येतो. लैंगिक गुन्हेगारांचं गणित आणखी वेगळं: तपासणीतले जास्त गुण आणि विकृत लैंगिक ओढ एकत्र आली की धोका फार वाढतो. एकटा आकडा हे सांगत नाही.

पहिल्या गटातले गुण मात्र तुरुंगाचं दार उघडून देतात. कॅनडातल्या 310 पुरुष कैद्यांच्या 2009 च्या अभ्यासात जास्त गुणांच्या कैद्यांना मुदतीआधी सुटका मिळण्याची शक्यता सुमारे अडीचपट होती. नोंदी त्यांच्या विरोधात असूनही! हे वाचलं तेव्हा मला भिशीवाल्याचे डोळे आठवले.

ऑन्टारिओतल्या ओक रिज रुग्णालयाची हकिकत जास्त अस्वस्थ करते. 1960 च्या दशकाअखेरीपासून तिथे कैदी-रुग्णांनी एकमेकांवर उपचार करायचे, तासन्‌तास मन उघडं करायचं, सोबत औषधांचे भयंकर प्रयोग. पुढे न्यायालयानं त्या प्रकाराला छळ म्हटलं. सुटल्यावर सरासरी दहा वर्षांचा मागोवा घेतला, तेव्हा या उपचारांतून गेलेल्या मनोविकृतांपैकी 77 टक्क्यांनी पुन्हा हिंसक गुन्हा केला. उपचार न घेतलेल्यांत हे प्रमाण 55 टक्के होतं. मनोविकृत नसलेल्यांत मात्र उलट झालं: उपचार न घेतलेल्यांत 39 टक्के, घेतलेल्यांत 22. दुसऱ्याचं मन ओळखायला शिकवलं आणि काहींनी तेच हत्यार केलं, असा संशोधकांचा कयास. यावरून 'हे लोक सुधारतच नाहीत' म्हणणं मला मान्य नाही. उपचारच चुकीचा होता.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात 1995 साली मेंडोटा केंद्र सुरू झालं. सुधारगृहांना न आवरलेली मुलं तिथे येतात. वागणूक रोज मोजायची, चांगल्या दिवसाचं फळ लगेच दुसऱ्या दिवशी द्यायचं, शिक्षेचा मारा टाळायचा. नेहमीच्या सुधारगृहात राहिलेल्या तशाच मुलांच्या तुलनेत इथल्यांचे हिंसक गुन्हे निम्म्याच्या आसपास आले. म्हणूनच सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या फाइलवर 'मनोविकृत' लिहायला माझा विरोध आहे. त्याला रोज भेटणारा प्रशिक्षित माणूस द्या, आणि ते पद रिकामं ठेवू नका.