मक्याच्या दाण्यावरचे ठिपके

ऑक्टोबर उजाडला की इथे भाजीवाल्यांच्या दुकानांतून रंगीबेरंगी मक्याची वाळलेली कणसं टांगलेली दिसतात. लाल, पिवळे, जांभळे, मधूनच ठिपकेदार दाणे. एम.एस.साठी आलो त्या वर्षी आम्ही ती हौसेने भाजायला आणली होती! दाणे दगडासारखे. ती दारावर लटकवायची असतात हे मागाहून कळलं. चौपाटीवर मीठ-तिखट-लिंबू चोळलेलं कणीस खाऊन वाढलेली माणसं आम्ही. मका म्हणजे खायची वस्तू, एवढंच ठाऊक.

मागच्या थँक्सगिव्हिंगला लेक कॉलेजातून घरी आली आणि जेवताना म्हणाली, "मी कॉम्प्युटर सोडून वनस्पतिशास्त्र घेतेय." आम्ही दोघंही इंजिनियर. घास हातातच राहिला. "अगं, झाडांचा अभ्यास करून नोकरी कोण देणार?" असं आमच्या तोंडून निघालंच. ती काही बोलली नाही. उठली, दारावरचं कणीस काढून आणलं आणि ताटाशेजारी ठेवलं. "या ठिपक्यांना नोबेल मिळालंय, बाबा."

मग आम्ही वाचायला बसलो. बार्बरा मॅक्लिन्टॉक, जन्म 1902, हार्टफर्ड, कनेक्टिकट. मुलगी कॉलेजात गेली तर तिचं लग्न होणार नाही, ही आईची काळजी! शेवटी वडिलांनी बाजू घेतली आणि 1919 साली बाई कॉर्नेलच्या शेतकी कॉलेजात दाखल झाल्या. (हे वाचताना आमच्या घरी जरा शांतता पसरली.) 1927 मध्ये पीएच.डी. मक्याची दहा गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखायला त्यांनी शिकवलं. 1931 मध्ये हॅरिएट क्रायटन या विद्यार्थिनीबरोबर त्यांनी दाखवून दिलं, की गुणांची अदलाबदल होते तेव्हा गुणसूत्रांचे तुकडे खरोखरच एकमेकांत बदलले जातात.

1941 पासून अखेरपर्यंत त्यांचा मुक्काम न्यूयॉर्कजवळ कोल्ड स्प्रिंग हार्बरला. उन्हाळ्यात शेतात राबायचं. नको तो पराग येऊ नये म्हणून तुऱ्यांना आणि कणसांना कागदी पिशव्या बांधायच्या, आणि पीक हाती आलं की एकेक दाणा तपासायचा. तिथेच त्यांना ठिपक्यांचं कोडं सुटलं. गुणसूत्रावरचा एक तुकडा आपली जागा सोडून रंगाच्या जनुकात जाऊन बसतो. रंग बंद! दाणा वाढत असताना एखाद्या पेशीतून तो पुन्हा उठला, तर त्या पेशीच्या पुढच्या सगळ्या वंशात रंग परततो. लवकर उठला तर मोठा डाग, उशिरा उठला तर बारीक ठिपका. म्हणजे दाण्यावर वेळापत्रकच छापलेलं! आम्हा इंजिनियर मंडळींना हे फार आवडलं.

जनुकं माळेतल्या मण्यांसारखी जागच्या जागी असतात, अशी तेव्हाची समजूत. 1951 च्या परिषदेत बाईंनी आपलं काम मांडलं तेव्हा बहुतेकांच्या डोक्यावरून गेलं. 1953 नंतर या विषयावर नियतकालिकांतून लिहिणं त्यांनी जवळजवळ थांबवलं. काम मात्र नाही थांबवलं.

त्या अगदी उपेक्षित होत्या, ही मात्र दंतकथा. 1944 मध्ये त्या नॅशनल अकॅडमीवर निवडून आल्या, 1945 मध्ये जेनेटिक्स सोसायटीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. तुकडे उड्या मारतात हे मक्याच्या अभ्यासकांनी लवकरच मान्य केलं होतं. पण हेच तुकडे सजीवाची सगळी वाढ नियंत्रित करतात, हे त्यांचं मोठं विधान लोकांना पटलं नाही. आणि त्यांनी मांडलं तसं ते पुढे टिकलंही नाही. थोरांचंही सगळंच बरोबर नसतं.

1960 च्या दशकाच्या अखेरीस जिवाणूंतही असे तुकडे सापडले, आणि ही मक्याची खोडी नसून सजीवांची रीतच आहे हे ध्यानात आलं. 1983 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी, वैद्यकशास्त्राचं नोबेल एकट्या त्यांना मिळालं. 1992 मध्ये त्या गेल्या. 2009 साली मक्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तर त्यातला सुमारे 85 टक्के भाग या उड्या मारणाऱ्या तुकड्यांचा! माणसातही तो निम्म्याच्या जवळपास आहे. एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे औषधांना न जुमानण्याची शक्ती जाते, तीही पुष्कळदा यांच्याच पाठीवर बसून.

आता लेकीला नोबेल मिळेल म्हणून आम्ही राजी झालो, असं कुणी समजू नये. नोकरीची काळजी आहे तशीच आहे. पण एक गोष्ट लक्षात आली. बार्बराच्या आईला लग्नाची धास्ती होती, आम्हाला पगाराची. शब्द तेवढे बदलले. आपण सातासमुद्रापार आलो ते आपल्या मनाजोगतं शिकायला. आणि मुलांनी मात्र आपल्याच वाटेने चालावं?

यंदा लेकीने घराच्या मागे मका लावला. तुऱ्यांवर कागदी पिशव्या बांधल्या तेव्हा शेजारी चौकशीला आले. पिशव्यांचे दोरे कोणी धरले होते, हे सांगायला नकोच!