माळीकामाच्या ठेक्याला सॉफ्टवेअर किती लागतं?

भाईंदर पूर्वेच्या खारी-नवघर भागात सोसायट्यांचं लॉन, मेंदीचं कुंपण आणि कुंड्या सांभाळणारे ठेकेदार बहुतेक लहान असतात. दोन-चार माळी, एखादा ब्रश कटर आणि वहीतला हिशेब. अशा माणसाला सॉफ्टवेअर विकताना आधी कायद्याची धास्ती घातली जाते, म्हणून कायद्यापासूनच सुरुवात करू.

‘धंदा आहे म्हणजे जीएसटीचं सॉफ्टवेअर हवंच’, हा पहिला गैरसमज. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली, की जीएसटी नोंदणी लागते. दहा सोसायट्या आणि प्रत्येकी महिना १२,००० रुपये धरले, तर वर्षाचे १४ लाख ४० हजार होतात. त्यात लाल माती, खत आणि रोपांच्या विक्रीचे पैसेही मिळवायचे, कारण मर्यादा उलाढालीची आहे, नफ्याची नाही. तरीही २० लाखांच्या आत असाल तर साधं बिल पुरतं. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावणं मात्र बेकायदा आहे. ॲपने तो रकाना आपोआप भरला तर खोडा. नोंदणी करावी लागली, तरी ५० लाखांपर्यंतच्या सेवा व्यवसायाला अटी पाळून ६ टक्क्यांची कंपोझिशन योजना घेता येते. त्यात ग्राहकाकडून वेगळा कर घ्यायचा नसतो. घेण्याआधी कर सल्लागाराला जरूर विचारा.

ई-इनव्हॉइसचंही तसंच. ते ५ कोटींच्या वरच्या उलाढालीला लागू आहे. हिशेबातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचं झालं, पण कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना. एकट्याच्या मालकीच्या ठेक्याला ती सक्ती नाही. या दोन गोष्टींच्या नावाखाली कुणी महागडं पॅकेज गळ्यात मारत असेल, तर सरळ नाही म्हणा.

मग पैसे गळतात कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी, आणि सॉफ्टवेअर निवडताना खरी कसोटी तिथेच लावावी.

पहिली गळती जादा कामाची. पावसाळ्यात गवत भराभर वाढतं, सेक्रेटरी फोनवर एक कापणी वाढवायला सांगतात, पार्किंगकडच्या वाफ्यात चार गोणी शेणखत पडतं, आणि महिन्याच्या बिलात जुनीच रक्कम जाते. काम झालं त्याच दिवशी, जागेवर उभं राहून, फोटोसकट नोंद करता आली पाहिजे. मोठ्या झाडाची छाटणी असेल तर महापालिकेच्या परवानगीचा क्रमांकही त्याच नोंदीत असावा. झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा १९७५ पासून लागू आहे आणि विनापरवाना तोडीला दंड आहे.

दुसरी गळती टीडीएसची. एका ठेकेदाराला वर्षात १ लाखाच्या वर रक्कम दिली, की सहकारी गृहनिर्माण सोसायटीला त्याच्या बिलातून टीडीएस कापावा लागतो. वैयक्तिक मालकाच्या बाबतीत १ टक्का. वरच्या उदाहरणात एका सोसायटीचे १,४४० म्हणजे दहांचे १४,४०० रुपये तुमच्या पॅनवर जमा होतात. पॅन दिला नसेल तर कपात २० टक्के! वर्षाचा कर तेवढा होत नसेल, तर विवरणपत्र भरून हे पैसे परत मिळतात. म्हणून बिलाच्या ॲपमध्ये ‘मिळाले’ आणि ‘टीडीएस कापला’ असे दोन वेगळे रकाने हवेत, नाहीतर कापलेली रक्कम कायम थकबाकीत दिसत राहते.

लॉनच्या धंद्यासाठीच बनवलेली परदेशी सॉफ्टवेअर घ्यावीत का? माझा सल्ला, नको. कॅनडातल्या जॉबरसारखी उत्पादनं घरोघर गाडीने फिरणाऱ्या तिकडच्या कंपन्यांसाठी घडवली आहेत. आपल्याकडे ग्राहक म्हणजे सोसायटीची कमिटी, ठराविक मासिक रक्कम, चेक किंवा एनईएफटी. त्यात टीडीएस आणि जीएसटी बसवायला झगडण्यापेक्षा देशी बिलिंग ॲप बरं.

‘फुकटचं ते कुचकामी’ हेही खरं नाही. झोहो इनव्हॉइस विनामूल्य आहे. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ग्राहकांना लेबलं लावता येतात, ‘बिल बाकी’ असं एक लेबलही बरंच काम करतं. मात्र फुकट म्हणजे बिनखर्चाचं, असंही समजू नका. मुंबईतल्या फ्रॅपेने बनवलेलं ईआरपीनेक्स्ट मुक्त स्रोत आहे, परवान्याचे पैसे नाहीत. पण ते चालवायला सर्व्हर आणि जाणकार माणूस लागतो. चार माळ्यांच्या ठेक्याला तो व्याप परवडत नाही.

शेवटचा गैरसमज सगळ्यात महागात पडतो: ‘मोबाइलमध्ये आहे, म्हणजे सुरक्षित आहे.’ काही ॲपमध्ये माहिती फक्त त्या फोनवर राहते. फोन पाण्यात पडला की हिशेब गेला. जीएसटी नोंदणी असलेल्याला तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात, आणि तोवर ॲपचं सदस्यत्व चालू असेलच असं नाही. त्यामुळे वर्षाचे पैसे भरण्याआधी चाचणीच्या काळातच दोन बिलं बनवा, सगळी माहिती एक्सेलमध्ये उतरवून पाहा आणि ती फाइल दुसऱ्या फोनवर उघडा. ती नीट उघडली नाही, तर ते ॲप घेऊ नका.