तेराव्यानंतरची सोबत

घरात मृत्यू झाला की पहिले काही दिवस घर माणसांनी भरलेले असते. शेजारून पिठले-भात येतो, कुणी स्मशानाची धावपळ करतो, कुणी दूरच्या नातेवाइकांना कळवतो. तेरावा होतो, सतरंज्या उचलल्या जातात आणि जो तो आपल्या कामाला लागतो. ज्यांचे माणूस गेले, त्यांचा एकटेपणा खरे तर त्या दिवशी सुरू होतो. आपल्याला जावेसे वाटते, पण ‘बोलायचे काय?’ या संकोचाने पाय अडखळतात.

तंजावरच्या एका मराठी राजाची गोष्ट अशा वेळी आठवण्यासारखी आहे. तमिळनाडूतील या नगरीवर १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. त्या घराण्यातील दुसरे सरफोजी राजे (१७७७–१८३२) आपल्याला सरस्वती महाल ग्रंथालयामुळे ठाऊक असतात. पण दुःखाची ओळख त्यांना फार लवकर झाली होती. दत्तक पिता तुळजाजी १७८७ मध्ये वारले, तेव्हा सरफोजी अवघे नऊ वर्षांचे होते. तुळजाजींनी या मुलाला जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांच्या हवाली केले होते. १७९८ च्या फेब्रुवारीत तेही गेले. पोरक्या मुलाचा दुसरा आधारही तुटला.

हातात घेतलेला हात

तंजावरला शिवगंगा बागेजवळ श्वार्ट्झ यांचे चर्च आहे. तेथे सरफोजींनी लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेतलेले संगमरवरी शिल्प आजही दिसते. श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहेत आणि तरुण राजा त्यांचा हात हातात घेऊन उभा आहे. दोघांचे धर्म वेगळे. सरफोजी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. पण आपल्या गुरूचे स्मारक त्यांनी गुरूच्याच प्रार्थनास्थळी उभारले. दुःखी माणसाला त्याच्या श्रद्धेतूनच बळ मिळते. आपली श्रद्धा त्याच्या गळी उतरवण्याची ती वेळ नव्हे.

आठवणीचे अन्नछत्र

पुढे सरफोजींची प्रिय मुक्तांबा हे जग सोडून गेली. आपल्या नावाने अन्नछत्र उभारावे, अशी तिची शेवटची इच्छा होती असे सांगतात. ओरतनाडू येथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभे राहिलेले मुक्तांबा छत्र ही तिची आठवण.

तंजावरच्या राज्यात रामेश्वरच्या वाटेवर अशी अनेक छत्रे होती. १८०१ मध्ये इंग्रज अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात सरफोजींनी तेथील कारभार वर्णिला आहे. कोणत्याही जातीचा वाटसरू आला तरी त्याला अन्न मिळे. आजाऱ्यावर उपचार होत, बाळंतिणीची काळजी घेतली जाई. वाटेत कुणी दगावला तर त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार होत आणि मागे राहिलेल्या पोरक्या मुलांना सांभाळून शिकवले जाई. परक्या मुलखात आपले माणूस गमावलेल्यांना तेथे उपदेशाआधी जेवण आणि आसरा मिळत असे.

आपण काय करू शकतो?

आपल्यापाशी राज्य नसले तरी जेवणाचा डबा आहे. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणून निघू नका. दुःखी माणूस सहसा सांगत नाही. ‘उद्या मुलांना शाळेत मी सोडतो’, ‘बँकेत मी बरोबर येते’ असे नेमके काम उचला. ‘रडू नका’, ‘देवाची इच्छा’ ही वाक्ये टाळा, रडू द्या. देवाची इच्छा त्यांनी स्वतः म्हटली तर तो आधार असतो, दुसऱ्याने म्हटली तर तोंड बंद करणे होते. गेलेल्या माणसाचे नाव घ्यायला बिचकू नका. ते नाव ऐकायला घरातली माणसे आसुसलेली असतात.

पहिली दिवाळी, पहिला वाढदिवस, वर्षश्राद्धाचा आठवडा हे दिवस फार कठीण जातात. ते आपल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. ज्या घरी दिवाळीला कढई चढणार नाही, तेथे फराळ घेऊन जाण्याची आपली रीत मोठी शहाणपणाची आहे. आणि महिनोन् महिने जेवणझोप तुटली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येत असेल, तर त्यांना एकटे सोडू नका; डॉक्टरांकडे स्वतः सोबत जा.

शब्द सुचले नाहीत तरी बिघडत नाही. त्या संगमरवरी शिल्पातला राजाही काही बोलत नाही. त्याने फक्त हात धरला आहे.