लिंबू उडून जाते, चंदन मागे उरते

अमेरिकेतील मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये परफ्यूमच्या विभागात सहसा दोन बाजू दिसतात. एकीकडे पुरुषांसाठी काळ्या-निळ्या बाटल्या, दुसरीकडे स्त्रियांसाठी गुलाबी-सोनेरी. गेल्या तीन दशकांत या दोहोंच्या मध्ये ‘युनिसेक्स’ या नावाने तिसरे दालन उभे राहिले आहे. तेथील बाटल्या बहुधा साध्या आणि पारदर्शक असतात. विक्रेत्याने पुढे केलेल्या कागदी पट्टीवर आधी लिंबू-संत्र्याच्या सालीचा तजेलदार वास येतो आणि त्याच्या आडून लाकडाचा कोरडा, ऊबदार गंध जाणवतो. सोबतच्या माहितीपत्रकात मात्र वर्णन असते ते माणसाचे: मोकळा, आत्मविश्वासू, शांत, कोणत्याही साच्यात न बसणारा. बाटलीतल्या द्रवाला हा स्वभाव येतो कोठून, हा प्रश्न पैसे मोजण्यापूर्वी विचारण्याजोगा आहे.

रेणूंचा स्वभाव

उत्तराचा पहिला भाग रसायनशास्त्रात आहे. लिंबूवर्गीय फळांचे सुगंधी तेल त्यांच्या सालीत असते. मोसंबी सोलताना बोटांवर जो बारीक फवारा उडतो, तो याच तेलाचा. परफ्यूममध्ये सर्वाधिक मान असलेले बर्गमॉट हे फळ मुख्यत्वे इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रिया प्रांतात पिकते आणि त्याची साल दाबून तेल काढले जाते. या वर्गातील तेलांचा एक प्रमुख घटक म्हणजे लिमोनीन. त्याच्या रेणूत कार्बनचे केवळ १० अणू असतात. हलका असल्यामुळे तो त्वचेच्या उष्णतेने झपाट्याने उडतो. चंदनाच्या तेलातील सँटॅलॉलच्या रेणूत कार्बनचे १५ अणू आणि त्यांच्या जोडीला ऑक्सिजनचा एक अणू असतो. तो जड असतो, सावकाश उडतो आणि तासन्‌तास त्वचेवर टिकतो.

त्यामुळे असे परफ्यूम लावले की आधी लिंबू बोलते आणि थोड्याच वेळात गप्प होते. दिवसभर सोबत राहते ते लाकूड. प्रथमदर्शनी उत्साही आणि मुक्कामाला स्थिर, असे जे व्यक्तिमत्त्व जाहिरातीत रंगवले जाते, त्याचे मूळ बाष्पीभवनाच्या या क्रमात आहे. या दोन टोकांमधली पोकळी जाणवू नये, म्हणून मिरी, वेलची, हिरवा चहा यांसारख्या मधल्या गंधांचा पूल बांधणे हेच परफ्यूम तयार करणाऱ्याचे खरे कसब.

वासाला लिंग कोणी दिले?

स्त्री-पुरुष हा भेद मात्र रेणूंमध्ये नाही. मूळचा इटालियन असलेल्या योहान मारिया फारिना याच्या घराण्याने १७०९ मध्ये जर्मनीतील कलोन शहरात व्यवसाय सुरू केला. त्याच्या लिंबूवर्गीय सुगंधी पाण्याला त्या शहराचेच नाव मिळाले. हे ‘ओ द कलोन’ स्त्रिया आणि पुरुष दोघेही वापरत. नेपोलियन तर ते सढळ हाताने अंगावर ओतून घेई. दोन स्वतंत्र दालने ही प्रामुख्याने विसाव्या शतकातील व्यापाराची देणगी आहे.

१९९४ मध्ये कॅल्विन क्लाइनने ‘सीके वन’ बाजारात आणले. अल्बेर्तो मोरियास आणि हॅरी फ्रेमाँ यांनी घडवलेले हे परफ्यूम आरंभी लिंबूवर्गीय फळांचे, मध्ये हिरव्या चहाचे आणि अखेरीस कस्तुरीसदृश व लाकडी गंधाचे होते. स्टीव्हन माइझेल यांनी टिपलेल्या कृष्णधवल जाहिरातीत साध्या कपड्यांतील तरुण-तरुणी एकत्र उभ्या होत्या. परफ्यूम कोणाचे, हे त्या चित्रावरून ठरवता येऊ नये, हाच तिचा हेतू होता. याउलट, जाँ-क्लोद एलेना यांचे २००६ मधील ‘तेर द’एर्मेस’ हे संत्रे, मिरी, वाळा आणि सिडारच्या लाकडाचे परफ्यूम पुरुषांसाठी म्हणून विकले गेले. ठेवण तीच: वर फळ, खाली लाकूड. दालन तेवढे वेगळे.

या दुसऱ्या परफ्यूममधील वाळा मराठी वाचकाला थबकायला लावील. पाश्चात्त्य बाजारपेठेने ज्याला दीर्घकाळ ‘मर्दानी’ म्हटले, तो गंध महाराष्ट्रात उन्हाळ्यातील माठाच्या पाण्याचा आहे आणि ते पाणी घरातले सगळेच पितात. लग्नात पाहुण्यांच्या मनगटावर लावले जाणारे अत्तरही स्त्री-पुरुष पाहून बदलत नाही. आखाती देशांत पुरुष उदाबरोबर गुलाबही आवडीने लावतात. सुगंध घडवण्याची ही विद्या मराठीला परकी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक प. कृ. गोडे यांनी ‘गंधवाद’ या ग्रंथाच्या दुर्मीळ हस्तलिखिताचा आणि त्यावरील मराठी टीकेचा अभ्यास करून त्यांचा काळ सुमारे १३५० ते १५५० असा ठरवला होता.

उरलेले काम स्मृतीचे

उत्तराचा अखेरचा भाग नाक आणि मेंदू यांच्यात आहे. गंध ओळखणाऱ्या ग्राहींच्या शोधासाठी लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही कार्यरत असतात आणि त्यांची जडणघडण माणसागणिक थोडी वेगळी असते. शिवाय गंधाचे संदेश मेंदूतील भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांपर्यंत फार जवळच्या वाटेने पोहोचतात.

म्हणूनच एकाच बाटलीतून प्रत्येकाला वेगळा माणूस भेटतो. अमेरिकेत वाढलेल्या मुलीला लिंबाच्या वासाने फरशी पुसण्याचे द्रावण आठवू शकते. तिच्या आईला त्याच परफ्यूमच्या तळाशी सहाणेवर उगाळलेले चंदन, देवघर आणि पहाटेची आंघोळ सापडते. माहितीपत्रकातील ‘बंधनमुक्त, आधुनिक’ व्यक्तिमत्त्व तिच्यासाठी आजोबांचे असू शकते. दोघींपैकी कोणीच चुकत नाही.

या आठवणीतले चंदन आता बाटलीत क्वचितच असते. भारतीय चंदनवृक्षाची नोंद आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘असुरक्षित’ अशी झाली आहे. सुगंधी गाभा तयार व्हायला वृक्षाला अनेक वर्षे लागतात, तर मागणी थांबत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात त्याची लागवड होते, पण नेहमीच्या परफ्यूममधील ‘चंदन’ बहुधा प्रयोगशाळेत घडवलेले असते. त्यात फसवणूक आहेच असे नाही. वृक्षावरचा भार त्याने हलका होतो. मात्र ‘नैसर्गिक’ या शब्दासाठी अधिक किंमत मोजणाऱ्याने घटकांची चौकशी जरूर करावी.

खरेदीचा साधा नियम यातूनच निघतो. कागदी पट्टी हुंगून पहिल्या पाच मिनिटांत जे आवडते, ते लिंबू असते. बाटली संपेपर्यंत ज्याच्यासोबत राहायचे, ते लाकूड. म्हणून परफ्यूम मनगटावर लावून दुकानातून बाहेर पडावे, बाकीची कामे उरकावीत आणि तीन-चार तासांनी मनगट पुन्हा नाकाशी न्यावे. तेव्हाही तो गंध आपलासा वाटला, तर ते परफ्यूम आपले. मग ते कोणत्याही दालनात ठेवलेले असो.