अर्जात वंशाचा रकाना नाही, म्हणून भेदभावही नाही?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२१ मध्ये एक कायदा केला. ग्राहकांची बाहेरून मिळवलेली माहिती आणि त्यावर चालणारे अल्गोरिदम वापरून विमा कंपन्यांनी अन्यायकारक भेदभाव करू नये, असं तो सांगतो. त्यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: कंपनी वंश विचारतच नाही, मग भेदभाव होईल कुठून?

एके काळी विचारण्यात संकोचही नव्हता. १८८१ मध्ये प्रुडेन्शियल कंपनीने कृष्णवर्णीयांना तेवढ्याच हप्त्यात एक तृतीयांश कमी विमा रक्कम द्यायची, असं उघड ठरवलं. मॅसॅच्युसेट्सने १८८४ मध्ये असल्या प्रकाराला कायद्याने बंदी घातली. आता रकाना गेला, पण त्याच्या जागी आलं काय? क्रेडिट स्कोअर, स्वतःचं घर आहे की नाही, शिक्षण, व्यवसाय, खरेदीच्या सवयी, कोर्टातले निकाल. यातलं ‘स्वतःचं घर’ एवढंच घ्या. १९३० च्या दशकात घरकर्जाशी संबंधित सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे काढले, त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात धोक्याच्या दाखवल्या. अशा धोरणांमुळे ज्या आजोबांना कर्ज मिळालं नाही, त्यांच्या नातवाकडे वारशाचं घर कुठून येणार? संगणकाला वंश ठाऊक नसतो, परिणाम मात्र त्याच्यापर्यंत पोचलेला असतो. भेदभाव करायचा हेतू कोणाचाच नसला, तरी निकाल तोच येऊ शकतो.

याच्या उलट टोकाचा गैरसमजही आहे: आता सगळ्यांना एकच हप्ता. तसं झालं तर विमा हा धंदाच उरणार नाही. धूम्रपान करणाऱ्याला आयुर्विमा महाग पडतो, पडणारच. कोलोरॅडोची कसोटी तीन पायऱ्यांची आहे. वापरलेल्या माहितीचा वंश, धर्म, लिंग, लैंगिक कल, अपंगत्व यांसारख्या संरक्षित बाबींशी संबंध आहे का? तिच्यामुळे त्या गटाला प्रमाणाबाहेर तोटा होतो का? आणि तो तोटा प्रत्यक्ष जोखमीशी असलेल्या वाजवी संबंधाच्या पलीकडे जातो का? तिन्ही उत्तरं ‘हो’ आली, तर वापर अन्यायकारक. खरी भांडणं तिसऱ्या प्रश्नावर होतात, कारण ‘वाजवी’ म्हणजे किती हे कुठल्याही कोष्टकात लिहिलेलं नाही.

क्रेडिट स्कोअरवर सरसकट बंदी आली, हीही ऐकीव गोष्ट. मोटार विम्याचा दर ठरवताना तो वापरायला कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई इथे मनाई आहे. कोलोरॅडोचं म्हणणं एवढंच की वापरा, पण तपासून.

‘मॉडेल आमचं नाही, विकत घेतलेलं आहे’ ही पळवाटही चालत नाही. आयुर्विमा कंपन्यांसाठी नोव्हेंबर २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार बाहेरच्या पुरवठादाराच्या माहितीची आणि मॉडेलचीही जबाबदारी कंपनीचीच. पुढे २०२५ मध्ये हे नियम खासगी वाहन आणि आरोग्य विम्यापर्यंत नेण्यात आले.

आता सगळ्यात विचित्र भाग. कंपनीकडे वंशाची नोंदच नाही, तर कोणत्या गटाचं नुकसान झालं हे तपासायचं कसं? आयुर्विम्याच्या चाचणीसाठी २०२३ मध्ये आलेल्या मसुद्याचं उत्तर होतं, अंदाज बांधून. नाव, आडनाव आणि पत्ता जनगणनेसारख्या आकडेवारीशी ताडून व्यक्ती अमुक वंशाची असण्याची शक्यता काढायची, मग अर्ज मंजुरीत आणि हप्त्यात गटागटांत किती फरक पडतो ते पाहायचं. भेदभाव शोधण्यासाठी वंश ओळखायचा, हे ऐकून अनेकांच्या भुवया उंचावतात. माझ्या मते मात्र डोळे मिटून घेण्यापेक्षा हे बरं. पद्धत ढोबळ आहे, हे खरं. डेन्व्हरमधला पाटील आशियाई म्हणून सहज ओळखला जाईल. पण गोव्याचा पिंटो आडनावाच्या पोर्तुगीज वळणामुळे लॅटिनो गटात मोजला जाण्याची शक्यता आहेच. म्हणून हा अंदाज मोठ्या गटाची सरासरी तपासायलाच वापरायचा असतो, एकट्या पिंटोचा अर्ज ठरवायला नाही.

शेवटचा गैरसमज ग्राहकाच्या बाजूचा: माझ्यावर अन्याय झाला तर मला कळेलच. काही अंशी कळतं. १९७० च्या संघराज्य कायद्यानुसार क्रेडिट अहवालामुळे हप्ता वाढवला किंवा विमा नाकारला, तर कंपनीला तसं ग्राहकाला कळवावं लागतं आणि ६० दिवसांत मागितल्यास तो अहवाल फुकट मिळतो. त्यात चूक असेल तर दुरुस्तीही मागता येते. पण अहवालातली प्रत्येक नोंद बरोबर असूनही आपल्यासारख्या हजारोंना जास्त हप्ता पडत असेल, तर ते एका ग्राहकाला घरबसल्या दिसत नाही. त्यासाठी सगळे अर्ज एकत्र मांडून पाहावे लागतात, आणि ते अर्ज फक्त कंपनीकडे असतात.