वजन उतरते, पण टिकते का?

मुले वाढतात, जबाबदाऱ्या वाढतात आणि त्यांच्याबरोबर अम्मी-अब्बांचे वजनही वाढते. बाळंतपणे, डबे, शाळेची ने-आण, नोकरी किंवा दुकान, घरातल्या बुजुर्गांची औषधे. यात स्वतःकडे बघायला सवड मिळत नाही. आम्ही शिक्षक पालकसभेच्या दिवशी हे दर वर्षी पाहतो. चाळिशीच्या आतले पालक दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात येईपर्यंत धापा टाकत असतात. पुढे कधीतरी रक्तातील साखरेचा अहवाल हाती येतो आणि मग सारे घर जागे होते.

प्रश्न दिसण्याचा नाही, मुलांना आई-वडील धडधाकट मिळण्याचा आहे. आपल्याकडच्या लोकांच्या पोटाभोवती चरबी लवकर साठते. म्हणून शिवणाची टेप काढा आणि कंबर मोजा. पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची 80 सेंटिमीटरच्या आत हवी. जास्त असेल तर घाबरू नका. 80 किलोच्या माणसाने 4 ते 8 किलो उतरवले, तरी साखर आणि रक्तदाब यांत फरक पडतो.

दस्तरख्वानावर काय बदलावे?

अम्मीसाठी वेगळी उकडलेली भाजी आणि बाकीच्यांना बिर्याणी, हा बेत आठवडाभरही चालत नाही. बदल सगळ्या घरासाठी एकच हवा.

पहिली गोष्ट तेलाची. एक ग्रॅम तेलात 9 कॅलरी असतात, पिठात किंवा मांसातल्या प्रथिनांत 4. रोज चमचे मोजणे कोणालाच जमत नाही, म्हणून महिन्याचा डबा मोजा. पाच माणसांच्या घरात सात लिटर तेल लागत असेल आणि ते पाच लिटरवर आणले, तर माणशी रोज 100 हून अधिक कॅलरी वाचतात. सालनावर तेलाची तर्री आलीच पाहिजे, हा हट्ट सोडला की निम्मे काम होते.

दुसरी चहाची. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला 30 ते 40 ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत ठेवणे उत्तम मानते. दर पंधरवड्याला पाव चमचा कमी करा, जिभेला कळणारही नाही. चहाबरोबरची खारी आणि नानखटाई पाहुण्यांपुरती राहू द्या.

तिसरी गोष्ट मुलांच्या ताटातल्या उरलेल्या घासांची. अन्न वाया जाऊ नये ही आपली शिकवण योग्यच आहे, पण ते आईच्या पोटातच जावे असे नाही. मुलांना आधी थोडे वाढा, पाहिजे तर पुन्हा द्या. स्वतःच्या ताटात मात्र डाळ, अंडी, मासे, दही आणि कोशिंबीर आधी घ्या. भात आणि चपाती नंतर. पोट लवकर भरते. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, हे आपण लहानपणापासून ऐकतोच.

रमजानमध्ये वजन आपोआप उतरते असेही नाही. दिवसभराचा रोजा आणि इफ्तारला समोसे, भजी, सरबत असे झाले तर ईदपर्यंत काटा वरच सरकतो. तळलेला एकच पदार्थ ठेवा, बाकी फळे आणि चणे.

वेळ कुठून आणायचा?

प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे भरभर चालावे असे सांगितले जाते. ती एकदम काढायची गरज नाही. मुलांना शाळेत पायी सोडणे, बाजार पायी करणे, ईशानंतर पंधरा-वीस मिनिटे चालणे, हे सारे हिशोबात धरावे. झोप मात्र कापू नका. अपुऱ्या झोपेने भूक वाढते.

खरी कसोटी पुढे

वजन कमी झाले की शरीराला इंधनही कमी लागते आणि भूक मात्र वाढते. म्हणून जुन्या सवयी परतल्या की किलोही परततात. अमेरिकेत 1994 पासून अशा लोकांची नोंदवही ठेवली जाते, ज्यांनी सुमारे साडेतेरा किलो उतरवून किमान वर्षभर टिकवले. त्यांच्यातील बहुतेकांच्या सवयी साध्या आहेत: रोज न्याहारी, आठवड्यातून एकदा वजन, टीव्ही कमी आणि रोज सुमारे तासभर हालचाल.

आपणही ठरवू या. जुम्याच्या सकाळी वजन करून वहीत लिहायचे. दोन किलो वाढले की पुढच्या ईदची वाट न बघता त्याच आठवड्यात तेल, साखर आणि चालणे तपासायचे. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी पुरे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आहार कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणी आणि बाळ अंगावर पीत असताना तर त्यांच्या सल्ल्याशिवाय काहीच करू नका.

एक गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी. पत्नीला "जरा चालत जा" असे सांगणे सोपे आहे. रात्रीची भांडी आणि मुलांचा अभ्यास अर्धा तास आपण सांभाळला, तरच तिला चालायला वेळ मिळतो. तो अर्धा तास आज रात्रीच काढा.