रिपोर्टमध्ये 'पॉझिटिव्ह' आलंय, म्हणजे नेमकं काय?

बायोप्सीचा रिपोर्ट घरी येतो. अब्बा चष्मा लावून बघतात, मुलगा मोबाईलवर शोधतो, आणि 'ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह' वाचलं की घरात रडारड सुरू होते. पॉझिटिव्ह म्हणजे वाईटच, हे कोरोनाने आपल्या डोक्यात पक्कं बसवलंय. स्तनाच्या कॅन्सरमध्ये मात्र हे दोन पॉझिटिव्ह बहुतेक वेळा दिलासा देणारे असतात. म्हणूनच आज आम्ही या कागदाबद्दल लिहितोय.

गाठीत कॅन्सर सापडला की त्याच तुकड्यावर आणखी एक तपासणी होते, आयएचसी. पेशींमध्ये कोणती प्रथिनं आहेत ते रंग देऊन पाहतात. ईआर आणि पीआर ही इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या हार्मोनना पकडणारी प्रथिनं. ती असतील तर गाठ हार्मोनवर पोसली जातेय, आणि तो पुरवठा गोळीने तोडता येतो. टॅमॉक्सिफेन ही त्यातली जुनी आणि स्वस्त गोळी. ५ वर्षं घेतली तर आजार परत येण्याचा धोका जवळपास निम्म्यावर येतो. पाळी बंद झालेल्या बायकांना बऱ्याचदा लेट्रोझोलसारखी दुसरी गोळी देतात.

अडचण अशी की वर्षभरात बाईला बरं वाटायला लागतं आणि गोळी सुटते. ही गोळी बरं वाटण्यासाठी नाही, आजार परतू नये म्हणून आहे. रमजानमध्येही ती सोडायची गरज नाही. दिवसातून एकदाच असेल तर सहरी किंवा इफ्तारला घेता येते. केमो चालू असेल तर रोज्याबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. आजाऱ्याला दीनमध्ये सवलत आहेच.

तिसरं प्रथिन हर-२. यात ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ आलं तर निकाल अर्धवट समजायचा, फिश नावाची पुढची तपासणी लागते. ती झाल्याशिवाय उपचार ठरवायची घाई नको. १९८७ साली अमेरिकेत डेनिस स्लॅमन यांच्या गटाने दाखवलं की ज्यांच्या गाठीत हर-२ च्या जनुकाच्या जादा प्रती असतात त्यांचा आजार लवकर उलटतो. म्हणजे हा पॉझिटिव्ह तेव्हा खरंच वाईट होता. १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन आलं आणि चित्र पालटलं. २०१४ पासून भारतीय कंपनीचंही मिळतं.

तिन्ही निगेटिव्ह आलं, तर मिठाई वाटू नका. अशा आजारावर हार्मोनची गोळी चालत नाही, हर-२ चं इंजेक्शनही नाही. केमो मात्र चालते. पहिली काही वर्षं जास्त जपायची असतात, फॉलोअप चुकवायचा नाही.

की-६७ चा आकडा किती पेशी वाढीला लागल्यात ते सांगतो. पण तो लॅबगणिक थोडा बदलतो, त्यामुळे एकट्या आकड्यावर झोप उडवून घेऊ नये.

ईआर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह आणि आजार सुरुवातीचा असेल, तर केमो लागेलच असं नाही. हे ठरवायला बेंगळुरूत तयार झालेली कॅनअसिस्ट ब्रेस्ट नावाची तपासणी आहे. ती पाच प्रथिनं, गाठीचा आकार, ग्रेड आणि काखेतल्या गाठींची स्थिती एकत्र करून ५ वर्षांत आजार परतण्याचा धोका कमी की जास्त ते सांगते. खर्चिक आहे, आणि प्रत्येकीला लागत नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, 'या तपासणीने आमचा उपचार बदलणार आहे का?' उत्तर 'नाही' असेल तर पैसे वाचवा.

या सगळ्या तपासण्या मेणात बसवलेल्या त्याच तुकड्यावर होतात. त्याला ब्लॉक म्हणतात. तुकडा काढल्यावर तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे, नाहीतर ईआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. हॉस्पिटल बदलताना लोक फाईल नेतात आणि ब्लॉक विसरतात. तो लॅबमध्ये अर्ज करून मागता येतो. मुंबईला किंवा आणखी कुठे दुसरं मत घ्यायला निघाला असाल, तर ब्लॉक आणि स्लाईड्स बरोबर घेऊनच गाडीत बसा.